पुण्याच्या बाई गेटवर

चंद्रपूर-गडचिरोलीला जाऊन आले म्हटलं की पुण्यात प्रत्येकजण एकच विचारतो, "वाघ दिसला का?" नाही दिसला. मी वाघ बघायला गेलेच नव्हते. मी नर्सेसना शिकवायला गेले होते आणि त्यांच्या तावडीतून सुखरूप परत आले. त्याचीच ही हकीकत.

माझी नोकरी लष्कराच्या इस्पितळांत झाली. मेजर म्हणून निवृत्त झाले आणि घरी बसून पडदे बदलण्यात मन रमेना, म्हणून आता वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना प्रशिक्षण देते. इन्चार्ज सिस्टर म्हणजे वॉर्डची मालकीणच. कोणाला कोणतं काम, कोणता पेशंट आधी, कोणता नंतर, हे सगळं तिच्या तोंडून ठरतं. औषधं देणं नर्सिंग कॉलेजात शिकवतात. माणसं हलवणं कोणी शिकवत नाही, ते मी शिकवते. गडचिरोलीच्या पुढे जंगलात एका निमलष्करी दलाचं छोटं इस्पितळ आहे. तिथून बोलावणं आलं, मार्च महिन्याचं. मैत्रिणी म्हणाल्या, "उन्हाळ्यात तिकडे?" मी म्हटलं, पावसाळ्यात गेले तर रस्ता शोधावा लागेल.

चंद्रपूरहून पुढे

चंद्रपूर स्टेशनवर दलाची जीप आली होती. ड्रायव्हरचं नाव बबन. बोलका, चांगली गाडी चालवणारा, फक्त मूल गाव येईपर्यंत त्यानं गाडी तीनदा थांबवली. कशासाठी? खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घालून घोटतात, तो खर्रा. घोटणारा माणूस इतकं मन लावून घोटत होता की मला माझ्या आईचं पुरण वाटणं आठवलं.

"बबन, इतक्यांदा?"

"याच्याबिगर गाडी चालत नाई मॅडम."

"गाडी डिझेलवर चालते."

"गाडी चालते जी. मी नाई चालत."

ही खर्र्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिनेच आमचा घात केला.

मूलच्या पुढे जंगल सुरू झालं. आमच्याकडे पळस म्हणजे सोसायटीच्या कोपऱ्यातलं एखादं झाड. इथं नजर जाईल तिथं पळस, पान एक नाही, सगळा भगवा. मोहाच्या झाडांखाली पालापाचोळा झाडून जमीन अंगणासारखी साफ केलेली, आणि तिथं बायका टोपल्या घेऊन पडलेली फुलं वेचत होत्या. एकीनं मूठभर फुलं जीपमध्ये माझ्या हातात दिली. गोड, किंचित उग्र, चिकट. मी चारपाच खाल्ली. "जास्त नका खाऊ मॅडम," बबन म्हणाला, "तुमाले शिकवाचं हाय." वैनगंगा ओलांडली. पात्रात पाणी थोडं आणि वाळू फार होती. कडेच्या वाळूत टरबुजांचे वेल पसरले होते.

भाऊ म्हणजे कोणता भाऊ

इस्पितळ नीटनेटकं होतं. कौलारू वॉर्ड, चुन्यानं रंगवलेले दगड, आंब्याखाली बाक. लष्करी शिस्त थोडी आणि गावकी भरपूर. इथले बरेच जवान याच जिल्ह्यांतले, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांच्या डब्यांचा वास औषधांच्या वासावर मात करतो.

मुख्य वैद्यकीय अधिकारी, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणतात, ते चंद्रपूरचेच. चहा येण्याआधीच ते मुद्द्यावर आले. मला असे लोक आवडतात.

"सर्जिकल वॉर्ड," ते म्हणाले. "सिस्टर वैशाली दुर्गे तिथं तात्पुरती इन्चार्ज आहे. कामाला तोड नाही. पण ती वॉर्ड चालवत नाही, एकटी उचलून चालते. उद्या मोठा प्रसंग आला तर कोलमडेल. तुमचं प्रशिक्षण संपलं की मला ठरवायचंय. ती नाही जमली, तर नागपूरहून दुसरी मागवतो आणि तिला परत साध्या ड्यूटीवर."

"तिला हे माहीत आहे?"

"मीच सांगितलंय."

सिस्टर दुर्गे तिशीतली, सडपातळ, चालण्यात घाई. मला पहिल्याच भेटीत म्हणाली, "मॅडम, मले हा वॉर्ड पाह्यजे. काय चुकून राह्यलं ते सांगा, मी रडणार नाई."

मी तिच्याबरोबर राउंडला गेले आणि चुकत होतं ते पाच मिनिटांत दिसलं. एका पेशंटला ऑक्सिजनचं नवं सिलेंडर हवं होतं. वॉर्डात तीन मदतनीस, तिघंही तिच्या वडिलांच्या वयाचे. ती म्हणाली, "भाऊ, सिलेंडर आनता का जी?"

तिन्ही भाऊंनी मान वर केली. तिन्ही भाऊंनी एकमेकांकडे प्रेमानं पाहिलं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याला सांगितलं. मग सिस्टर दुर्गे स्वतःच गेली आणि तिच्या खांद्याएवढं सिलेंडर तिरकं धरून लोटत घेऊन आली. वाटेत एका भाऊंनी तिला दार मात्र उघडून दिलं.

माझ्या प्रशिक्षणाचा पहिला धडा नेमका हाच असतो. काम हवेत सोडायचं नाही. माणसाचं नाव घ्या, काम सांगा, झाल्यावर परत येऊन कळवायला सांगा. तीन गोष्टी. मी तो धडा कॅन्टीनच्या हॉलमध्ये सगळ्या इन्चार्ज सिस्टरना दिला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. दुर्गे म्हणाली, "नाव कसं घेऊ मॅडम? माझ्या बापाएवढे हायेत ते. इथी मोठ्या मानसाचं नाव नाई घेत."

"आडनाव घे."

"आडनावानं तर कोर्टात पुकारतेत!"

हॉल हसला. मी नाही हसले. मी म्हटलं, मग नाव घे, करून बघ. दुसऱ्या दिवशी तिनं बिचारीनं केलंही. "लक्ष्मण, ट्रॉली आना." लक्ष्मणभाऊ सिरोंच्याचे, घरी तेलुगू बोलणारे, पांढऱ्या मिशांचे. ते जागच्या जागी थांबले. हात जोडून म्हणाले, "बेटी, माझं काई चुकलं काय?" दुसरे भाऊ घुग्घुसचे. त्यांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, ताप गीप हाय काय तुले? घरी जाऊन झोप. आमी पाहून घेतो." ट्रॉली तिनंच आणली.

पुण्यात आम्ही कोणालाही 'अहो' म्हणतो आणि काम भागतं. लष्करात पदाचं नाव घेतलं की माणूस उभा राहतो. इथं दोन्ही चालेना. माझ्या नोकरीत मी बरेच हट्टी वॉर्ड पाहिले, पण असा मायाळू अडेलपणा पहिल्यांदा पाहिला.

पोंभुर्ण्याचं जेवण

रविवारी दुर्गेनं मला तिच्या घरी नेलं. पोंभुर्ण्याजवळ तिचं गाव, आणि भावाच्या मुलीचं नामकरण होतं. मांडवात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, मेणबत्त्या, पांढऱ्या साड्यांतल्या बायका. वंदना झाली, बाळाचं नाव ठेवलं गेलं, बाळ रडलं, आणि सगळे स्वयंपाकाकडे वळले. मला उंच खुर्ची दिली. मी ती सोडून चुलीजवळच्या बाजेवर, दुर्गेच्या आईशेजारी जाऊन बसले. कार्यक्रमात खुर्चीवरून काही दिसत नाही.

आई लसूण सोलत होती आणि मान वर न करता अख्खा मांडव चालवत होती.

"घुग्घुसवाली, वांगे झाले काय वं?"

"झाले माय, झिंगे टाकून राह्यली!"

"सावलीवाली, भाकरी मोज नको, थाप. मूलचे जावई, पान्याचा ड्रम रिकामा हाय."

मूलचे जावई पन्नाशीचे, शाळेचे हेडमास्तर. ते बादली घेऊन उठले. थोड्या वेळानं परत येऊन उभे राहिले. "भरला मामी."

मी त्या बाईकडे बघतच राहिले. एकही नाव नाही, एकही काम हवेत नाही, आणि प्रत्येकजण परत येऊन सांगतोय.

"तुम्ही सगळ्यांना गावावरून हाक मारता?" मी विचारलं.

"सुना त्यायच्या माहेरच्या गावानं, जावई त्यायच्या गावानं. आमच्याकडं असंच. मोठ्याचं नाव घ्यावं नाई लागत." तिनं लसणाची साल फुंकली. "अन् गावाचं नाव घेतलं का मानूस काम टाळत नाई. गावाची लाज जाते ना!"

दुर्गे डाळीत पळी फिरवत होती. ती थांबली.

"तुझ्या आईला मी शिकवायला न्यायला हवं होतं," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. पळीशी बोलल्यासारखी हळूच म्हणाली, "सिरोंच्याचे भाऊ, सिलेंडर आना." मग थोड्या मोठ्यानं, "घुग्घुसचे भाऊ, तुमी ट्रॉली."

"डाळ लागली बापा!" आई ओरडली.

लागलेली डाळ आम्ही सगळ्यांनी खाल्ली. वांगे-झिंगे, म्हणजे वांग्यात सुकी कोळंबी, मात्र असे की मी तांदळाच्या भाकरीबरोबर किती खाल्ले ते सांगणार नाही. लाखोळीच्या डाळीचे वडे आईनं मला फडक्यात बांधून दिले. "वाटंत खाजो," म्हणाली. बबननं निम्मे खाल्ले.

सोमवारी सकाळी मी वॉर्डाच्या दाराशी उभी राहिले. आत शिरले नाही.

"सिरोंच्याचे भाऊ, चार नंबरले सिलेंडर. लागलं का मले येऊन सांगा. घुग्घुसचे भाऊ, ड्रेसिंगची ट्रॉली."

लक्ष्मणभाऊंची पाठ ताठ झाली. "सरे," ते तेलुगूत म्हणाले, म्हणजे ठीक आहे, आणि निघाले. जणू सगळं सिरोंचा त्यांच्या मागे चालत होतं. घुग्घुसचे भाऊ त्यांच्या आधी पोचावं म्हणून जवळजवळ धावले. तिसरे भाऊ तेवढे रुसले. "मी तं इथलाच हाओ. मले काय म्हनशीन?"

"आंब्याखालचे भाऊ," दुर्गे म्हणाली. आंब्याखालचा बाक त्यांचा कायमचा होता. वॉर्ड हसला, ते स्वतःही.

मी साहेबांना सांगितलं. ते बधले नाहीत. "शांत वॉर्डात सगळंच जमतं मॅडम. तुमचा तो सराव होऊ द्या. तेव्हा बघू."

बाजाराचा दिवस

सराव म्हणजे मोठ्या अपघाताचं नाटक. काही जवान जखमी व्हायचे, त्यांना ट्रकमध्ये घालून बाहेर एक फेरी मारून आणायचं, आणि इन्चार्ज सिस्टरनं कोणाला आधी घ्यायचं ते ठरवून सगळ्यांना कामाला लावायचं. त्या दिवशी साहेब गडचिरोलीला बैठकीला गेले होते, दुपारी परत येऊन थेट सराव बघणार होते. वॉर्ड दुर्गेच्या हातात.

रक्त बाकीच्या सिस्टरनी केलं. गुळाचा घट्ट पाक, त्यात कुंकू. मी आयुष्यात इतकं चांगलं खोटं रक्त पाहिलं नव्हतं. मंगेश नावाच्या जवानाच्या पोटावर त्यांनी कणकेची जखम काढली आणि वरून तो पाक ओतला. त्याला सांगितलं, हालायचं नाही, डोळे मिटून पडायचं. मंगेशला तेच हवं होतं. तो लगेच झोपला.

बबनला मी बजावलं होतं, मागच्या रस्त्यानं ये. बाजाराचा दिवस आहे, गावातून येऊ नको. बबन "हाव" म्हणाला. पण मागच्या रस्त्यावर खर्रा मिळत नाही.

त्यानं ट्रक भर बाजारात उभा केला आणि खर्रा घोटून घ्यायला गेला. मागे ताडपत्रीखाली जखमी जवान उकाड्यानं गाढ झोपलेले. गुळाच्या वासानं माश्या जमलेल्या. त्याच वेळी एक बाई मोहाची टोपली घेऊन ट्रकजवळून गेली आणि तिनं सहज आत डोकावलं. ती मंगेशची आत्या होती.

ट्रक इस्पितळात पोचला आणि त्याच्या मागून बाजार पोचला.

मी पुष्कळ गर्दी पाहिली आहे. ही गर्दी वेगळी होती. सगळे एकदम बोलत होते, मराठीत, गोंडीत, तेलुगूत. बायका फाटकाला धरून रडत होत्या. "माय वो, माहा पोरगा!" ज्यांचा पोरगा दलात होता त्यांची छाती फुटायची वेळ, आणि ज्यांचा नव्हता तेही त्यांच्यासाठी रडत होते. पहारेकरी फाटक आतून ढकलत होता, लोक बाहेरून. मी पुढे होऊन खणखणीत आवाजात सांगितलं, "शांत व्हा, हा सराव आहे!" कोणी ऐकलं नाही. लष्करी आवाजाची त्यांना उलट भीतीच वाटली असावी. रडणं वाढलं.

दुर्गे वॉर्डातून धावत आली. फाटकाशी थांबली. एक क्षण मला वाटलं, आता ही एकटीच फाटक उचलणार.

ती फाटकाशेजारच्या कठड्यावर चढली.

"कोन्या कोन्या गावचे हा तुमी?"

प्रश्नच असा की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. रडतारडता बायका गावांची नावं सांगू लागल्या. चातगाव, धानोरा, आणखी पाड्यांची नावं.

"एका गावचं एकच मानूस आत येईन. आपल्या डोळ्यानं पाहीन, अन् परत येऊन आपल्या गावाले सांगन. चातगावच्या बाई, तुमी. धानोऱ्याचे भाऊ, तुमी. आंब्याखालचे भाऊ, यायले पानी पाजा. सिरोंच्याचे भाऊ, तेलुगू मानसाले तुमी समजावा." मग तिची नजर माझ्यावर पडली. "पुण्याच्या बाई, तुमी गेट धरा. वाट मोकळी ठेवा. कोनाचीबी गाडी आत सोडू नका."

मी गेट धरलं. माझ्या हाताखालच्या कोणी मला असं सांगितल्याचं आठवत नाही, आणि मी इतक्या पटकन ऐकल्याचंही.

चातगावच्या बाई म्हणजे मंगेशची आत्याच. ती आत गेली तेव्हा मंगेश स्ट्रेचरवर उठून डोळे चोळत बसला होता. पुढचं मला गेटवरूनही ऐकू आलं.

"मुडद्या! जिवंत हायेस तं डोळे काऊन लावले होते?"

"आत्या, झोपलो होतो वं!"

"अन् हे रगत?"

"गूळ हाय. चाटून पाह्य."

चपराकीचा आवाज आला. मग आत्यानं बोटानं चाटून पाहिलं असावं, कारण ती बाहेर आली ती हसत, पदरानं डोळे पुसत. कठड्याजवळ उभी राहून तिनं ओरडून सांगितलं, "गूळ हाय! सारे जिते हायेत! लेकाचे झोपून राह्यले होते!" धानोऱ्याच्या भाऊंनी आपल्या गावाला सांगितलं. लक्ष्मणभाऊ तेलुगूत काहीतरी म्हणाले आणि तिकडचा घोळका खो खो हसला. रडणं कुठं संपलं आणि हसणं कुठं सुरू झालं, कळलं नाही. ज्यांना पाणी पाजलं होतं ते आता चहा मागत होते.

तेवढ्यात साहेबांची जीप आली. मी हात आडवा केला.

"गाडी बाहेरच, साहेब. वाट मोकळी ठेवायची आहे."

"मॅडम, मी आहे."

"दिसतंय. गाडी बाहेर."

"कोणाचा हुकूम?"

"सिस्टर दुर्गेंचा."

साहेबांनी गर्दीकडे पाहिलं, कठड्यावरच्या दुर्गेकडे पाहिलं. तिनं त्यांना पाहून मान खाली घातली नाही. वरूनच ओरडली, "चंद्रपूरचे साहेब, तुमी पायी आत या. जखमी लोकाले उभं करून या मायांले दाखवा. मंग मले सांगा."

साहेब जीपमधून उतरले. आत गेले. गुळानं माखलेले जवान रांगेत उभे करून त्यांनी दाखवले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते कठड्यापाशी आले आणि म्हणाले, "दाखवले, सिस्टर."

माझा ठरलेला सराव त्या दिवशी झालाच नाही. बबनला मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "पन मॅडम, तालीम तं मस्त झाली ना?"

परतीला

शेवटच्या दिवशी साहेबांनी चहाला बोलावलं. चहा येण्याआधीच मुद्द्यावर.

"तुमचं मत द्या. दुर्गेचं काय करायचं?"

"साहेब," मी म्हटलं, "परवा तुम्ही गाडी कुठं लावली होती?"

ते हसले. नागपूरला फोन करायची गरज उरली नाही, एवढंच म्हणाले. दुर्गेच्या वॉर्डाबाहेर तिच्या नावाची पाटी होती, तिच्यावरचा 'तात्पुरती' हा शब्द घुग्घुसच्या भाऊंनी त्याच दुपारी चुन्यानं पुसून टाकला. कोणी सांगितलं नव्हतं. हे एकच काम मी हवेतून झालेलं पाहिलं.

जीपमध्ये बसायला निघाले तेव्हा आत्या मोहफुलांची पिशवी घेऊन आली. मंगेश मागे उभा, एका गालावर हात ठेवून, उगाच. दुर्गेनं माझी बॅग स्वतः उचलायला हात घातला, मग थांबली. "आंब्याखालचे भाऊ, बॅग." बॅग गाडीत गेली. "ठेवली बाई," भाऊ म्हणाले.

मग ती माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज वॉर्डाचा.

"पुण्याच्या बाई, घरी पोचा. पोचल्यावर मले सांगा."

घरी आले, बॅग दारातच ठेवली, चप्पलही काढली नव्हती. फोन लावला.

"पोचले," मी म्हटलं.

"हाव, बरं," ती म्हणाली, आणि राउंड चालू होता म्हणून फोन ठेवला.